बारा घरांची लाइन

फोनची घंटा दोनदा लांब आणि एकदा आखूड वाजली. ही खूण प्रुइटांच्या घराची. ओटिलिया केसलरने स्टोव्हवरचं सूप बाजूला सारलं, हात पुसले आणि आपल्या भिंतीवरचा रिसीव्हर हळूच उचलला. आपला श्वास पलीकडे जाऊ नये म्हणून बोलायच्या भोंग्यावर रुमाल दाबून धरला. रविवारी जेवणं झाल्यावर सगळेच उचलत. हॉलिस क्रीक गावाबाहेरच्या रस्त्यावरची बारा घरं एकाच तारेवर होती. कुणाचीही घंटा बाराही घरांत वाजे. ऐकण्यात कुणाला काही गैर वाटत नसे. ऐकलेलं बोलून दाखवणं मात्र शिष्टाचाराला सोडून होतं.

"माझ्या दोन्ही उशा," ग्लॅडिस प्रुइट आपल्या बहिणीला सांगत होती. तिच्या मागे रेडिओवर वाद्यवृंद चालू होता. गेल्या हिवाळ्यात रेडिओ घरात आल्यापासून ती झोपण्यापुरताच तो बंद करी. "आईने दिलेल्या. बदकाच्या पिसांच्या."

"कुणी नेल्या?"

"व्हर्ननने, दुसरं कोण नेणार? चर्चमधून आला तो कोटही न काढता वर गेला. अभ्रे ओढून काढले, पलंगावर फेकले आणि उशा काखेत मारून निघाला. म्हटलं, व्हर्नन, कुठे चाललास? तर म्हणे, मंडळाचं काम आहे."

"मंडळाला उशा कशाला? झोपा काढायला जमतात की काय?"

"मला काय विचारतेस! कोठाराच्या छपरासाठी आणून ठेवलेला डांबराचा डबाही गेला. वसंतापासून कानीकपाळी ओरडतेय, छप्पर गळतंय, छप्पर गळतंय. तेव्हा वेळ नव्हता. आज रविवारी बरा मिळाला."

"नेलं कुठे एवढं सगळं?"

"छताच्या पुलाकडे. पाचसहा जण जमलेत तिथे."

"मग पुलाचंच छप्पर शाकारत असतील." बहीण आपल्याच विनोदावर हसली.

ग्लॅडिस हसली नाही. "मार्जोरी अजून जेवायला खाली येत नाही," ती म्हणाली. "गुरुवारपासून. बाप तिच्याकडे बघत नाही. ठेवते मी."

ओटिलियाने रिसीव्हर टांगला. सूप गार होत होतं. आतल्या खोलीत चार वर्षांची लेना गोवराच्या तापात कण्हत होती. ओटिलिया तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

डांबर, पिसं आणि पूल. गेल्या महिन्यात शेजारच्या काउंटीत एका इटालियन फळवाल्याला पांढऱ्या झगेवाल्यांनी असंच धरलं होतं. कपडे काढून अंगावर कढत डांबर ओतलं, वरून पिसं उधळली आणि रस्त्यावर सोडून दिलं. तो जगला. डॉक्टरांनी रॉकेलने डांबर सोडवलं तेव्हा त्याबरोबर पाठीची कातडी निघून आली. हे सगळं वर्तमानपत्रात विनोदी सदरात छापून आलं होतं.

त्या पुलावरून आज येणार होता अँटन, तिचा नवरा. हॉलिस क्रीकमध्ये कॅथलिक चर्च नव्हतं. दर रविवारी सकाळी केसलर कुटुंब फोर्डमधून लॅन्सडेलला प्रार्थनेला जाई, अँटनच्या बहिणीकडे जेवे आणि कॉफी झाली की परत निघे. आज लेना आजारी म्हणून अँटन एकटाच गेला होता. ओढ्यावर दुसरा पूल नव्हता.

कारण शोधायला नको होतं. गुरुवारी मार्जोरी प्रुइट अँटनच्या सलूनमध्ये शिरली होती. सतरा वर्षांची मुलगी. मासिकातून कापलेलं एका नटीचं चित्र तिने आरशाला टेकवून ठेवलं आणि म्हणाली, असे करा. बाकावर बसलेल्या पुरुषांनी वर्तमानपत्रं तोंडापुढे धरली. अँटनने विचारलं, "वडिलांना विचारलंस?"

"केस माझे आहेत की त्यांचे?"

अँटन हसला आणि त्याने कात्री उचलली. त्या उन्हाळ्यात त्याने गावातल्या निम्म्या बायकांचे केस मानेपर्यंत आखूड केले होते. सुरुवात ओटिलियापासूनच झाली. तिचे केस कापून त्याने तिला शनिवारी सकाळभर सलूनच्या खिडकीत बसवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावं म्हणून. बायका आधी नाक मुरडून गेल्या, मग एकेक करून आल्या. पण मार्जोरी व्हर्नन प्रुइटची मुलगी होती, आणि व्हर्नन प्रुइट त्या पांढऱ्या झगेवाल्यांच्या मंडळाचा म्होरक्या. परदेशी, कॅथलिक, दारू गाळणारे आणि गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक घालणाऱ्या पोरी यांच्यापासून गाव वाचवायचा विडा त्याने उचलला होता. त्याच्या तळघरात फसफसणारं सफरचंदाच्या दारूचं पिंप या हिशेबात धरलं जात नसे.

शुक्रवारी व्हर्नन नेहमीसारखा दाढीला आला. मान मागे टाकून बसला. उठताना टॉवेलने कान पुसत त्याने विचारलं, "रविवारी अजून लॅन्सडेललाच जातोस ना?"

"न चुकता," अँटन म्हणाला.

"बरं."

घरी येऊन अँटनने हे मोठ्या समाधानाने सांगितलं होतं. बघ, तू उगाच घाबरत होतीस, एक अक्षर बोलला नाही.

शेरीफला फोन करण्यात अर्थ नव्हता. मंडळाच्या मिरवणुकीत झगा आणि टोपी सगळ्यांचीच सारखी असते, पण शेरीफचा ठिपक्यांचा घोडा साऱ्या काउंटीला ठाऊक होता. अँटनने निघायच्या आधी निरोप पोचायला हवा होता. ओटिलियाने फोनचं हँडल एकदा लांब फिरवलं. ही खूण एक्स्चेंजची.

घंटा बाराही घरांत किणकिणली. तारेवर टक, टक असे आवाज सुरू झाले. एकेक रिसीव्हर उचलला जात होता.

"नंबर?" एडना थॉर्प. औषधाच्या दुकानामागच्या खोलीत एक्स्चेंजच्या फळीपुढे बसणारी.

"लॅन्सडेल, एडना. बाउमन बेकरी. लवकर."

"रविवारी बेकरी बंद असते."

"वरच राहतात ती. लाव तू."

घंटा बराच वेळ वाजली. मग विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. "हॅलो?" अँटनची बहीण, क्रेसेन्झ.

"मी तिली बोलतेय. अँटन आहे का? त्याला सांग, निघू नको म्हणावं!"

"हॅलो? कोण आहे?"

"तिली! अँटनला निघू देऊ नको!"

"काही ऐकू येत नाहीये. नंतर करा." फोन बंद झाला.

"लाइनवर गर्दी आहे, तिली," एडना म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त माहिती होती. "तुझा आवाज माझ्यापर्यंतच जेमतेम येतोय. लॅन्सडेलला काय पोचणार?"

हे ओटिलियाला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तारेत जोर तो किती, आणि उचललेला प्रत्येक रिसीव्हर त्यातला थोडा पिऊन टाकी. दोघंतिघं ऐकत असले तर चालून जाई. आज सगळी लाइन कान लावून बसली होती. म्हणजे ग्लॅडिसचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. उशा, डांबर, पूल यांचा अर्थ त्यांनाही तिच्याइतकाच लागला होता, आणि आता पुढे काय होतं ते ऐकायला ते थांबले होते.

तिने भोंगा तोंडाशी ओढला.

"मला माहीत आहे तुम्ही ऐकताय," ती म्हणाली. "मीही ऐकते. डॉज आजी, तुमची धाप मला ऐकू येतेय. मिसेस हॉब्ज, तुमची पिंजऱ्यातली कॅनरी ओरडतेय. मी कुणाला दोष देत नाही. कुणी माझ्या दारात या असंही म्हणत नाही. कुणी पुलावर जायला नको, कुणी माझ्याशी बोलायला नको. उद्या रस्त्यात भेटलात तर ओळखही दाखवू नका. मला फक्त माझ्या नवऱ्याशी बोलायचंय आणि तुमच्यामुळे माझा आवाज पोचत नाही. ठेवा. हात जोडते, फोन ठेवा."

कॅनरी दोनदा ओरडली. कुठेतरी खुर्ची करकरली. डॉज आजीची धाप आत गेली आणि तिथेच अडकली. ओटिलियाला वाटलं, आपण चुकलो. यांच्यातलीच एखादी आत्ता कुणाला तरी पुलाकडे धाडेल.

मग टक असा आवाज झाला. कॅनरी थांबली.

थोड्या वेळाने आणखी एक. मग दोन लागोपाठ. "देव बघेल गं," डॉज आजी पुटपुटली आणि तिनेही ठेवला. प्रत्येक टक्‌बरोबर तारेतली खरखर विरत गेली आणि स्वयंपाकघरातली शांतता वाढत गेली. हे लोक तिला मदत करत होते की तिच्यापासून दूर सरकत होते, हे त्या आवाजावरून सांगता आलं नसतं. एवढ्या बायकांच्या श्वासांत तिला मघापर्यंत घुसमटल्यासारखं झालं होतं. आता ती एकटी पडली होती.

"पुन्हा लावते," एडना म्हणाली.

घंटा वाजत असताना ओटिलियाच्या लक्षात आलं, तारेवर अजून वाद्यवृंद आहे. लांब, बारीक, पण स्पष्ट. ग्लॅडिस प्रुइटने फोन ठेवला नव्हता.

म्होरक्याची बायको ऐकत होती. आता जे बोलावं ते पुलावर पोचणार, या धास्तीने ओटिलिया शब्द शोधू लागली. आपल्या जर्मनमध्ये बोलावं? महायुद्धानंतर या लाइनवर कुणी जर्मनचा एक शब्द उच्चारला नव्हता. उच्चारला असता तर तेवढ्यावरही घर जळालं असतं.

"हॅलो?" क्रेसेन्झ, या वेळी खोलीपलीकडे असावी इतकी जवळ.

"तिली बोलतेय. अँटन कुठेय?"

"अगं, तो आत्ताच खाली उतरला. गाडीला हँडल मारतोय. लेना बरी आहे ना?"

"बोलाव त्याला! क्रेसेन्झ, धाव, आधी बोलाव!"

रिसीव्हर टेबलावर आपटला. जिन्यावरून पावलं गेली. उघड्या खिडकीतून येणारा फोर्डचा आवाज तारेतून ओटिलियाच्या कानात शिरला. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. ती भिंतीवरच्या खोक्याला कवटाळून ऐकत राहिली. आवाज वाढला, आता निघाली गाडी असं वाटलं, मग तो एकदम थांबला. पावलं परत वर आली, जड आणि भराभर.

"लेनाला काय झालं?"

"लेना ठीक आहे. तू येऊ नको. पुलावर थांबलेत तुझ्यासाठी. डांबर आणि पिसं घेऊन."

"कोण थांबलंय?"

"व्हर्नन आणि त्याची माणसं. मार्जोरीच्या केसांपायी."

अँटन हसला. चांगल्या मनाच्या माणसाचं ते हसणं ऐकून तिला ओरडावंसं वाटलं. "तिली, परवा त्याची दाढी केली मी. गळ्यावर वस्तरा होता माझा. ज्याचा राग आहे त्याच्यापुढे कुणी असा गळा टाकतं का?"

"त्याने विचारलं ना तुला, रविवारी जातोस का म्हणून!"

"गप्पा मारत होता. त्या पाचसहांतल्या प्रत्येकाचं डोकं मी दर पंधरवड्याला हातात धरतो. त्यांच्या पोरांचे पहिले केस मी कापलेत. कोण म्हणालं तुला हे?"

ग्लॅडिसचं नाव घेतलं तर व्हर्नन ग्लॅडिसला सोडणार नाही. आणि ग्लॅडिस पलीकडे ऐकतच होती.

"बघ," अँटन समजुतीच्या सुरात म्हणाला, "एकटी आहेस, पोर तापलंय, रात्रभर जागी आहेस. अशा वेळी माणसाला नाही नाही ते दिसतं. निघतो मी. अंधार पडायच्या आत घरी येतो."

"अँटन, नको—"

"येऊ नकोस, अँटन."

हा आवाज ओटिलियाचा नव्हता. वाद्यवृंदाच्या अगदी पुढ्यातून आला होता.

"कोण बोलतंय?" अँटनने विचारलं.

"तुझी बायको खरं सांगतेय. पिसं माझ्या घरातून गेलीत."

टक. वाद्यवृंद संपला.

अँटनचं हसू मावळलं हे ओटिलियाला फोनवरूनही कळलं. "थांबतो मी इथे," शेवटी तो म्हणाला. आवाज कोरडा पडला होता. "पण तू? तू आणि लेना?"

"गोवर आहे, आत येऊ नका, अशी लाल पाटी दारावर आहे. त्यांनाही पोरं आहेत. आत येणार नाहीत."

हे तिने अशा खात्रीने सांगितलं की तिला स्वतःलाही क्षणभर ते पटलं. फोन ठेवल्यावर तिने मागचं आणि पुढचं दार कडी लावून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

ऊन कलल्यावर पुलाकडून गाड्या परतल्या. पुढे प्रुइटांची नवी बंद मोटार, मागे तीन फोर्ड. केसलरांच्या घरापाशी त्यांचा वेग कमी झाला. ओटिलिया लेनाला उराशी धरून पलंगामागे जमिनीवर बसली होती. एका गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी म्हणालं, दुसरा म्हणाला, "गोवर आहे, माझ्या धाकट्याला अजून झालेला नाही." दार बंद झालं. गाड्या पुढे गेल्या.

तासाभराने फोन वाजला. आखूड घंटा, एकामागून एक, न थांबता. ही खूण कुणा एकाच्या घराची नव्हती. आग लागली किंवा मूल हरवलं की ती वाजवत, आणि मग बाराही घरांनी उचलायचं असे. ओटिलियाने उचलला.

"संध्याकाळी त्रास देतोय, माफ करा," व्हर्नन प्रुइट म्हणाला. चर्चमध्ये दानपेटी फिरवताना असे तसाच मवाळ आवाज. "दुपारी केसलरबाईंनी लॅन्सडेलला फोन केला, एवढं एडनाने मला सांगितलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बायकोने नवऱ्याशी बोलावं. मला फक्त हे जाणून घ्यायचंय की त्यांना काय बोलायचं ते कळलं कुठून."

कुणी बोलेना.

"डॉज आजी?"

"मला काय ठाऊक? आम्ही ठेवले होते बाबा. एकूण एक."

"ठेवले म्हणजे आधी उचलले होते."

"मग काय झालं? कोण उचलत नाही? तुझी ग्लॅडिस उचलत नाही होय?"

व्हर्नन विचार करत होता. उशा कुणाच्या पलंगावरून गेल्या हे आठवायला त्याला फार वेळ लागला नसता, आणि ग्लॅडिस त्या क्षणी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असणार.

"मी सांगते," ओटिलिया म्हणाली. आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा असं तिला वाटलं. "तुमच्यातलाच एक जण आला होता. चर्च सुटल्यावर. मागच्या दाराने."

"कोण?"

"नाव सांगणार नाही."

"खोटं बोलतेस."

"मग नका विश्वास ठेवू. नाव सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही त्याच्यासाठी डांबर तापवाल. माझ्या नवऱ्याला ज्याने वाचवलं त्याच्यावर ती पाळी मी आणणार नाही."

या वेळची शांतता वेगळी होती. प्रत्येक घरात फोनजवळ बायको होती आणि बायकोजवळ नवरा. कुणाच्या तरी मागून एक पुरुषी आवाज उसळला, "मी तर पहिल्यापासून पुलावरच होतो!"

"तुला कुणी विचारलंय, लेस्टर?" व्हर्नन म्हणाला.

"आणि ॲल्विन का उशिरा आला मग? त्याला विचार ना!"

"ए, माझं नाव घ्यायचं नाही! माझी गाय व्यायली होती. बायकोला विचार!"

"बायको काय, तुझंच सांगणार!"

"बास!" व्हर्नन ओरडला. मवाळपणा गळून पडला होता. त्याखाली जे होतं त्यात रागाइतकीच भीतीही होती, आणि ती ओटिलियाने ओळखली, कारण दुपारपासून तिच्या आवाजात तीच होती. "केसलरबाई, पोरीचा ताप उतरला की इथून जायचं. दोघींनी. सलूनचं काय करायचं ते तुझा नवरा तिकडे बसून ठरवेल."

"हो," ती म्हणाली.

"आणि तोवर हा फोन उचलायचा नाही."

त्यानंतर रिसीव्हर पटापट खाली गेले. दुपारच्यासारखे विचार करून नव्हे. एकमेकांच्या आधी सुटावं तसे. ओटिलियाही ठेवणार होती, तेवढ्यात तिला जाणवलं, तारेवर अजून कुणीतरी आहे. संगीत नव्हतं. कॅनरी नव्हती, धापही नव्हती. फक्त एक रिसीव्हर उचललेला, आणि त्यामागे एक संथ श्वास.

तिच्या ओठांवर ग्लॅडिसचं नाव आलं. दोनच शब्द बोलायचे होते, आभाराचे. पुन्हा कधी ते बोलायला मिळणार नव्हते.

पण तो श्वास ग्लॅडिसचा होता की व्हर्ननचा, ते तिला ओळखता येईना. तिने बराच वेळ कान देऊन ऐकलं. पलीकडचं माणूसही तसंच ऐकत राहिलं.

मग ओटिलियाने भोंग्यावर रुमाल दाबून रिसीव्हर अलगद आकड्याला लावला, आणि लेनाच्या कपाळावर हात ठेवायला आत गेली.